गिरधर आप्पांच्या कानातली पाल

कान देवाने ऐकण्यासाठी दिला आहे, बोलण्यासाठी नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कुणी कुणाला शिकवत बसत नाही. शहाद्याच्या मामलेदार कचेरीतले हेडक्लार्क गिरधर आप्पा यांच्या उजव्या कानाला मात्र ती शिकवायची राहून गेली असावी. मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र होणार होता, त्या सालच्या पौषात आप्पा दुपारचे जेवायला बसले, त्यांनी उडदाच्या पापडाचा तुकडा तोंडात टाकला, आणि कानात कुणीतरी म्हणालं, ‘चुक् चुक् चुक्.’

आप्पांनी पापड खाली ठेवला. आवाज थांबला. पापड उचलला, चावला. चुक् चुक्. म्हणजे पापडाचाच, असं म्हणून त्यांनी भाताकडे मोर्चा वळवला. पापडाचा आवाज भात खाताना येण्याचं कारण नव्हतं, पण आला. संध्याकाळपर्यंत तो काही न खाताही येऊ लागला.

एरवी एखादा माणूस म्हणाला असता, असेल काहीतरी, जाईल. पण आप्पांना एक मुलगी होती. मंगला मॅट्रिक झालेली, दोन ठिकाणचे नकार पचवून बसलेली. पहिले म्हणाले, पोर फार शिकली. दुसरे काहीच म्हणाले नाहीत, फक्त चहा पिऊन गेले. आता म्हसावदच्या दगाभाऊ पाटलांकडून निरोप येण्याच्या बेतात होता, आणि त्यांचा मुलगा तिथल्याच शाळेत मास्तर होता. मंगलाने त्याला एकदा नंदुरबारच्या जत्रेत पाहिलं होतं, आणि आईने विचारायच्या आधीच ‘चालेल’ म्हणून टाकलं होतं. अशा वेळी मुलीच्या बापाच्या अंगात नवीन काही निघणं परवडत नाही. त्याला वाकायला पाठ आणि खाली घालायला मान, एवढं पुरतं.

शेजारचे भिकन जिभाऊ सायकली दुरुस्त करत, आणि सायकली नसतील तेव्हा माणसं. त्यांनी आप्पांचा कान उन्हात धरून पाहिला.

“आप्पा, किडा शे. कानमा किडा गया का तो बाहेरनी वाट भुली जास.”

“मंग काय करानं?”

“उजवा कानमा शे ना? मंग डावा कानमातीन हवा देवानी. इकडतीन लोटा, तिकडतीन निंघी जाई.”

सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाने या तर्कातली फट ओळखायला हवी होती. पण गरजवंताला अक्कल नसते. जिभाऊंनी सायकलच्या पंपाला चिंधी गुंडाळली, आप्पांच्या डाव्या कानाला लावली आणि ट्रकचं चाक असल्यासारखी हवा भरली. डाव्या कानात तापीला पूर आला. तो आठवडाभर ओसरला नाही. आणि डावीकडचं जग असं बंद झाल्यावर उजव्या कानातलं ‘चुक् चुक्’ आप्पांना इतकं स्वच्छ ऐकू येऊ लागलं की विचारू नका.

मग गावातले डॉक्टर झाले. त्यांनी बॅटरी पाजळून दोन्ही कानांत डोकावून पाहिलं आणि निर्वाळा दिला, “कान लख्ख आहेत. आवाज तुमच्या डोक्यात आहे.”

डॉक्टरांनी हे आपलं सरळ सांगितलं, पण पलीकडे बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणाऱ्या कंपाउंडरने ते ऐकलं. दिवेलागणीपर्यंत अख्ख्या शहाद्याला कळलं, की आप्पांच्या डोक्यात आवाज येतात. दुसऱ्या दिवसापासून कचेरीतली माणसं त्यांच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागली. वाण्याने न मागता ब्राह्मीचं तेल बांधून दिलं. घरी बायको जमनाबाई त्यांना एकट्याला विहिरीवर जाऊ देईनात. ज्या माणसाच्या हातून तालुक्याच्या वसुलीत कधी पैची चूक झाली नव्हती, त्याला आता कुणीही उठून विचारी, “काय आप्पा, वळखं का माले?” आप्पांना हे फार लागलं. आजार परवडला, पण ही दया परवडत नाही, असं त्यांना वाटे.

मला फक्त एक माणूस मिळू दे, ज्याला हा आवाज ऐकू येईल, असं त्यांनी देवाला मागितलं. माणसाने देवाकडे काय मागावं याचा नीट विचार करून मागावं, ते यासाठीच.

फाल्गुनात कचेरीतला शिपाई सुरुपसिंग म्हणाला, “आप्पासाहेब, होळीला आमच्या काठी गावाला चला. काठीचा ढोल ऐकाल तर डोक्यातलं सगळं विसराल.” सुरुपसिंग बिचारा होळीचं आमंत्रण देत होता. आप्पांनी ते औषध म्हणून घेतलं. काट्याने काटा काढतात, तसा आवाजाने आवाज निघेल, असा त्यांनी हिशेब बांधला आणि सातपुड्याची चढण चढून ते काठीला पोचले. अंगाला राख फासलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले, नवस फेडणारे बावा नाचत होते. माणसाच्या उंचीचा ढोल घुमत होता. आप्पा त्या ढोलाला उजवा कान लावून होळी पेटेपर्यंत हलले नाहीत. धोतर-कोटातला हा माणूस काहीतरी मोठा नवस फेडतो आहे असं समजून लोकांनी त्यांना जागा करून दिली, कुणी डाळ्या-गूळ दिला, एका म्हातारीने पायाही पडून घेतलं.

परत आले तेव्हा कानातला आवाज दुप्पट झाला होता.

दोनच दिवसांनी जमनाबाई त्यांच्या कानात लसणीचं कोमट तेल सोडत होत्या. अचानक त्या थांबल्या, वर आढ्याकडे पाहिलं, आणि बोटाने जमिनीवर टकटक करून म्हणाल्या, “कृष्ण कृष्ण.” पाल चुकचुकली की असं करायचं असतं, नाहीतर हातातलं काम फिसकटतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. थोड्या वेळाने पुन्हा टकटक, पुन्हा “कृष्ण कृष्ण.” मग त्या उठून बारीक नजरेने भिंती न्याहाळू लागल्या.

“काय दखी ऱ्हायनी?” आप्पांनी विचारलं.

“पाल बोली ऱ्हायनी. दखास नही कोठेच.” बोलता बोलता त्या नवऱ्याजवळ वाकल्या आणि जागीच थिजल्या. “माय वं! तुम्हना कानमा बोली ऱ्हायनी!”

“तुले ऐकू उनं?” आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. “जमना, खरंच ऐकू उनं?”

जमनाबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुसऱ्या कारणाने. “माले ऐकू उनं,” त्या म्हणाल्या, “तं पाव्हनास्ले बी येई ना!”

आप्पांचा आनंद तिथेच संपला. इतके दिवस आवाज फक्त त्यांना ऐकू येत होता, तेव्हा ते नुसते वेडे होते. आता ते अपशकुनी झाले.

आता धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाणं भाग होतं, आणि त्यासाठी रजा. मामलेदार साहेब साताऱ्याकडचे, शिस्तीचे. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, “‘उजव्या कानातून आवाज येतो’ म्हणजे? कानाला ऐकू येतो की कानातून येतो?” आप्पा म्हणाले, दोन्ही. साहेब म्हणाले, प्रत्यक्ष खात्री केल्याशिवाय शेरा कसा मारू? ते खुर्चीवरून उठले आणि त्यांनी आपला कान आप्पांच्या कानाला लावला. नेमके त्याच वेळी दोन गावांचे पाटील आत आले. आजवर हेडक्लार्क साहेबाच्या कानाला लागलेला सगळ्यांनी पाहिला होता. साहेब हेडक्लार्कच्या कानाला लागलेला पहिल्यांदाच दिसला. पाटील आल्या पावली मागे फिरले, आणि त्या दिवसापासून तालुक्यात आप्पांचा वचक वाढला. कान मात्र साहेबांसमोर मुका राहिला. शिवाय नवं राज्य तोंडावर आलं होतं. जुन्या राज्यात घेतलेली रजा नव्या राज्यात संपली, तर ती कोणत्या राज्याच्या खात्यावर टाकायची, याचा खुलासा वरून यायचा होता. तो आलाच नाही. आप्पा शेवटी रविवारी गेले.

धुळ्याच्या डॉक्टरांनी रबरी नळीचं एक टोक आप्पांच्या कानात घातलं, दुसरं आपल्या. आणि त्यांचा चेहरा खुलला. “वा!” त्यांनी मदतनिसाला बोलावलं, त्यानेही ऐकलं, मग नर्सबाईंनी ऐकलं. आयुष्यात कुणी आप्पांचं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं, आणि तेही आप्पा काही बोलत नसताना.

“कानाच्या पडद्यामागे तांदळाच्या कणीसारखी हाडं असतात,” डॉक्टर म्हणाले. “त्यांना धरून दोन इवले स्नायू. मोठा आवाज आला की ते आखडून कानाला सांभाळतात. तुमचे उगाचच आखडताहेत. डोळा लवतो ना? तसा तुमचा कान लवतो.”

“उजवा लवला तर पुरुषाला शुभ ना?” आप्पांनी आशेने विचारलं.

“ते पंचांगात बघा.”

“आणि औषध?”

“खास असं नाही. मोठे आवाज टाळा आणि काळजी करू नका. काळजीने हे वाढतं.”

“मुलगी लग्नाची आहे,” आप्पा म्हणाले.

“मग अवघड आहे,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

अक्षय्यतृतीयेची, लेकींना माहेरी आणणारी आखाजी झाली, नवं राज्य झालं, आणि वैशाखाच्या ऐन उन्हात म्हसावदचे पाहुणे आले. दगाभाऊ, त्यांचे दोघे भाऊ, आणि दगाभाऊंची आई नानीबाई, जिच्या शब्दाबाहेर त्या घरात म्हैससुद्धा जात नव्हती. जमनाबाईंनी घरातली सगळी पितळी भांडी कापडात गुंडाळून ठेवली होती, आवाज नको म्हणून. आप्पांच्या कानात कापूस कोंबून, वरून उपरण्याचे दोन वेढे देऊन, त्यांना उजवी बाजू भिंतीकडे करून बसवलं होतं. जिभाऊंना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपसूक आले होते.

सगळं सुरळीत झालं. मंगलाने पाणी आणून दिलं, नानीबाईंनी तिला दोन प्रश्न विचारले, तिने दोन्ही उत्तरं बरोबर दिली. दगाभाऊंनी सुपारी हातात घेतली.

“मंग आप्पा, पोर आमले पसंत शे. ज्येष्ठमा...”

चुक् चुक् चुक्.

नानीबाईंचं बोट जमिनीवर आपटलं. “कृष्ण कृष्ण! थांब रे दगा. पाल बोलनी.”

सगळ्यांनी वर पाहिलं. पाणी प्यायले, गूळ खाल्ला. दगाभाऊंनी पुन्हा घसा साफ केला. “तं मंग ज्येष्ठमा...”

चुक् चुक् चुक् चुक्.

“दोनदा बोलनी,” नानीबाई म्हणाल्या. “ती उगीच नही बोलत. ठेव ती सुपारी खाले.”

आता जिभाऊंना राहवेना. कान कुणाचा बोलतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पालीवर आळ घेऊन पालीलाच हाकललं की आप्पांची अब्रू वाचेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते केरसुणी घेऊन खुर्चीवर चढले, फोटोंच्या मागे ढोसू लागले, आणि दुर्दैव बघा, बालाजीच्या तसबिरीमागून एक खरोखरची, जाडजूड पाल निघाली.

“हाई दखा! सापडनी!” जिभाऊ ओरडले.

झालं. पुरावाच हजर झाला. पाल म्हणावी तर सोयरीक मोडत होती, कान म्हणावा तर घराण्यात खोड निघत होती. इकडे आड, तिकडे विहीर. आप्पांनी आतल्या दाराकडे पाहिलं. पडद्याखाली मंगलाची पावलं दिसत होती, अगदी स्थिर, मागच्या दोन वेळेला होती तशीच. त्यांनी डोक्यावरचं उपरणं सोडलं, कापूस काढला.

“नानी, पाल नही ती. मन्हा कान शे.”

मग नानीबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत आल्या आणि त्यांनी आपला सुरकुतलेला कान आप्पांच्या कानाला लावला. इतके महिने ज्याला शिव्या घातल्या, त्या कानाची आप्पा मनातल्या मनात विनवणी करू लागले. बोल रे बाबा, एकदा बोल. कान गप्प. त्यांनी मान हलवली, जबडा हलवला. गप्प. “पापड आन!” ते आत ओरडले. आणि मग गिरधर आप्पा, हेडक्लार्क, व्याह्यांच्या देखत एकामागून एक पापड कराकरा चावत बसले, आणि एक म्हातारी त्यांच्या गालाला गाल लावून ऐकत राहिली.

“काहीच नही,” नानीबाई म्हणाल्या.

“डॉक्टरनी बी सांगं व्हतं,” जिभाऊ मदतीला धावले, “आवाज त्यासना डोकामा शे.”

दगाभाऊंनी जोड्यात पाय घातला.

तेवढ्यात पडदा सरकला आणि मंगला बाहेर आली. दाखवायच्या मुलीने न बोलावता बाहेर यायचं नसतं. तिने एका हातात परात धरली होती, दुसऱ्यात तांब्या. ती सरळ बापाच्या मागे गेली आणि तिने तांब्या परातीवर असा हाणला, की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

चुक् चुक् चुक् चुक् चुक्.

“माय वं!” नानीबाई किंचाळल्या. “आठेज, कानमाज बोली ऱ्हायना! दगा, इकडे ये, ऐक!”

दगाभाऊंनी ऐकलं. त्यांच्या भावांनी ऐकलं. ज्या घरात मुलीला चालायला लावून पाहतात, त्या घरात त्या दिवशी बापाला रांगेने ऐकलं. मग नानीबाईंनी मंगलाला जवळ ओढलं आणि तिचेही दोन्ही कान बराच वेळ ऐकले. ते गप्प होते. मुलगी पास झाली.

“पोर धीटनी शे,” नानीबाई म्हणाल्या. “बापले खोटं नही पडू दिन्हं. आमले अशीच पाहिजे.” दगाभाऊंनी जोडे काढले. आप्पांना वाटलं, उठून नाचावं. पण नानीबाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

“एक मात्र सांगस, आप्पा. मांडवमा शंभर गावना मानसं येतीन. कोनकोनले कान लावाले सांगशी? अक्षताना टाइमले तू मांडवमा नको. कन्यादान तिन्हा मामा करी.”

आप्पांनी मंगलाकडे पाहिलं नाही. “बरं,” ते म्हणाले. शब्द दिला गेला. त्या वेळी कान बोलला असता तर फार बरं झालं असतं, पण तो बोलला नाही.

ज्येष्ठात लग्न लागलं. गल्लीच्या टोकाला जिभाऊंच्या दुकानाची फळी आतून लावून, दोन्ही कानांत कापूस घालून, आप्पा नव्या धोतरात बाकड्यावर बसले होते. चार सायकली उलट्या टांगलेल्या, एक उभी. मुठीत जमनाबाईंनी दिलेल्या अक्षता. कापसातूनही बँड ऐकू आला, ‘सावधान’ अर्धवट ऐकू आलं, एकदम गलका झाला. आप्पा उठले. समोर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी अक्षता उभ्या सायकलीवर टाकल्या आणि परत बसले. इतक्या गोंगाटात कान एकदाही बोलला नाही. मग मांडवात असतो तर काय बिघडलं असतं, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो ज्याच्या मनात आला त्यालाच कळेल.

उन्हं कलली तेव्हा वऱ्हाडाच्या गाड्या निघाल्या, तशी आप्पांनी दुकानाची फळी काढली. पुढच्या दमणीत, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, नवरा-नवरी आणि नानीबाई. दुकानासमोर मंगलाने दमणी थांबवली, खाली उतरून आत आली आणि बापाच्या पाया पडली. मग उभी राहिली, त्यांच्या कानातला कापूस तिने काढला, आणि आपला कान तिथे टेकला. घरच्या-दारच्या सगळ्यांनी त्या कानाला आपला कान लावला होता. तिने मात्र कधीच नाही.

चुक् चुक् चुक्.

मंगला दाराशी गेली. “नानी,” ती म्हणाली, “पाल बोलनी.”

“पाल कशानी? कान शे तो तुन्हा बापना.”

“कान ऱ्हावो का पाल ऱ्हावो. निंघतावेळे बोलनी तं तशीच कशी जाऊ? घडीभर बठनं पडी.”

नानीबाईंनी तोंड उघडलं. दमणीतून त्यांना आतलं बाकडं दिसत होतं, आणि बाकड्यावरचा माणूस. त्यांनी बोटाने दमणीच्या लाकडावर टकटक केली. “कृष्ण कृष्ण,” त्या म्हणाल्या. “बठ माय. घडीभर बठ.”

बापलेक बाकड्यावर बसली. मंगलाला सायकलच्या सीटवर तांदळाचे दाणे दिसले. ती उठली, ते तिने एकेक वेचले, स्वतःच्या डोक्यावर टाकून घेतले आणि परत बापाशेजारी येऊन बसली. आप्पा लहान पोरासारखे रडले. मग बैलांनी मान हलवली, घुंगरं वाजली. “आखाजीले येसू, आप्पा,” ती म्हणाली, आणि गेली.

आप्पांचा कान अजून बरा नाही. सकाळी कचेरीला निघताना तो हमखास उंबऱ्यावर बोलतो. आप्पा मग परत फिरतात, छत्री कोपऱ्यात ठेवतात आणि ओसरीवरच्या बाकावर टेकतात. शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडतात.

“आहो, कान शे तो,” जमनाबाई आतून म्हणतात. “पाल नही.”

“माले माहीत शे,” आप्पा म्हणतात, आणि घडीभर बसून राहतात.